मिशीतली रेघ

श्रावण लागला की माझं दुकान उपासाला बसतं. घरचे लोक सोमवार धरतात, कुणी शनिवार धरतं, माझी खुर्ची मात्र अख्खा महिना धरते. आमच्या शहापूरकडे जुन्या वळणाच्या घरांतले पुरुष श्रावणात केसाला कात्री आणि गालाला ब्लेड लावू देत नाहीत. मग मी काय करणार? आरसे पुसतो, कात्र्यांना तेल देतो, खुर्चीचा करकरणारा स्क्रू तिसऱ्यांदा आवळतो आणि दारात उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्यांची तोंडं बघतो.

तोंडं बघणं हा माझा श्रावणातला खरा उद्योग. पहिल्या आठवड्यात नुसतं काळपट दिसतं. दुसऱ्या आठवड्यात कुणाच्या गालावर कुठे दाट आहे, कुठे उघडं पडलंय ते कळायला लागतं. तिसऱ्या आठवड्यात हनुवटीखालचे भोवरे दिसतात, आणि माझे हात शिवशिवायला लागतात. भाजी घेणाऱ्या, रिक्षा फिरवणाऱ्या, बँकेच्या रांगेत उभ्या राहिलेल्या माणसांना मी मनातल्या मनात खुर्चीत बसवतो. याची कड जरा वर घ्यायची. याच्या जबड्याला खालून आधार द्यायचा. याला गालावर काही ठेवायचं नाही, फक्त मिशी आणि हनुवटी. समोरच्या माणसाला यातलं काही माहीत नसतं. तो मला रामराम करून निघून जातो.

पिठोरी अमावास्या काल झाली. गणपती यायला आता तीनच दिवस राहिलेत. या तीन दिवसांत महिनाभराच्या सगळ्या दाढ्या माझ्या दारात उभ्या राहतात. आज सकाळी शटर उचललं तेव्हा बाहेर सात जण होते. भिजलेल्या छत्र्या कोपऱ्यात, बाकावर मखराच्या थर्माकोलचे तुकडे, कुणाच्या पिशवीतून डोकावणारी तेरड्याची रोपं, आणि साबणाचा वास. मी पहिला टॉवेल झटकला आणि कोपऱ्यातल्या बाकाकडे बघितलं. तिथे आता मासिकं ठेवलेली असतात. पण भाद्रपदाच्या पहिल्या दिवशी माझी नजर तिकडे जातेच, कारण तिथे नाना बसायचे.

नाना म्हणजे माझे वडील. त्यांना सगळं गाव नाना म्हणायचं, म्हणून मीही नानाच म्हणायचो. दुकान त्यांचंच. त्यांच्या वेळी दाढी म्हणजे दाढी होती. साबण लावला, वस्तरा फिरवला, तुरटी चोळली, उठ. मी मुरबाडला एस.टी. स्टँडजवळच्या सलूनमध्ये दोन वर्षं राहून मशीन शिकून आलो, शेडिंग शिकलो, कडा आखायला शिकलो, आणि येताना निरनिराळ्या दाढ्यांचा एक मोठा रंगीत तक्ता घेऊन आलो. नानांनी तो तक्ता चष्मा लावून बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "ही दाढी हाय का तालुक्याचा नकाशा?"

पण अडवलं नाही. उलट मी काम करत असलो की मागे उभे राहून बघायचे. मान तिरकी करून म्हणायचे, "उजवीकडं अजून एक केस." एक केस! मी हसायचो, आणि मग दिसायचा मलाही.

या कामाने मला एक गोष्ट शिकवली. कुणाचंही तोंड दोन्ही बाजूंनी सारखं नसतं. एक गाल भरलेला, एक भुवई चढलेली, नाक जरासं कुणीकडे तरी गेलेलं. माणसाला हे आयुष्यभर माहीत नसतं, आणि ते त्याला कळू न देणं हेच आमचं काम. भातसानगरला धरणावर नोकरीला असलेले एक साहेब मिशीसाठी खिशात सहा इंची पट्टी घेऊन यायचे. काम झालं की आरशासमोर दोन्ही टोकं मोजायचे आणि म्हणायचे, "सुरेश, डावीकडे एक मिलिमीटर." चार वेळा ऐकलं. पाचव्या वेळी मी म्हणालो, "साहेब, मिशी सरळ आहे. नाक वाकडं आहे." नंतर पट्टी आली नाही. साहेब मात्र येत राहिले.

वस्तरा धरायला मी शिकलो तो नानांच्या गालावर. आधी एका मडक्याला साबण लावून त्यावर बिनब्लेडचा वस्तरा फिरवायला दिला. महिनाभराने मडकं बाजूला ठेवलं, स्वतः खुर्चीत बसले, टॉवेल बांधून घेतला आणि म्हणाले, "चल." मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो. पुढचे काही आठवडे नाना गावभर ओरखडलेले गाल घेऊन हिंडत होते. कुणी विचारलं की सांगायचे, मांजर फार द्वाड आहे. आमच्या घरी मांजर नव्हतं.

त्यांनी मला नियम एकच घालून दिला. "दाढी करताना काय बी बडबड. पन हात मिशीवर आला का तोंड बंद."

हा नियम मी एकदाच मोडला. त्या भाद्रपदाची आठवण आल्याशिवाय माझा एकही भाद्रपद सुरू होत नाही.

मास्क खिशात ठेवून माणसं फिरायची ते दिवस. नानांच्या हाताला तोवर कंप सुटला होता. दोन वर्षं त्यांनी वस्तरा धरला नव्हता. कपातला चहा बशीत सांडायचा, पण दुकानात यायचे चुकायचे नाहीत. कोपऱ्यातल्या बाकावर बसून आल्यागेल्याशी गप्पा मारायचे. त्या दिवशी त्यांच्या शेजारी धर्माकाका बसले होते. धर्माकाका म्हणजे खर्डीकडचे जुने शेतकरी, नानांच्या बरोबरीचे. पंच्याहत्तरी ओलांडलेली, अंगाने काटकुळे, आणि ओठावर अशी भरघोस पांढरी मिशी की माणूस मिशीमागून चालत येतोय असं वाटावं. लावणीच्या वेळी चिखलात पडून त्यांनी कंबर मोडून घेतली होती, त्यात न्यूमोनिया झाला. दवाखान्यातून घरी येऊन जेमतेम पंधरा दिवस झाले होते. त्यांचा थोरला मुलगा कैलास त्यांना रिक्षाने डॉक्टरकडे दाखवायला घेऊन आला होता. परत जाताना बापलेकांची दाढी उरकायची असा बेत.

कैलास आसनगावला कंपनीत कामाला. पहिली पाळी, दुसरी पाळी, खिशात पास, तोंडात कायम "टाइम नाय रे." तो खुर्चीत बसला आणि म्हणाला, "मिशी बाबांसारखी पायजे. कडा मोकळ्या, टोकं वर. दाढी बारीक."

महिनाभराची दाढी आणि मिशी एक झालेली असते. मिशी नेमकी कुठे संपते ते शोधून काढावं लागतं. मला हे काम फार आवडतं. दुकान भरलेलं, दहाबारा जण बघताहेत, त्यात माझं तोंड सुटलं. मी मुरबाडच्या सलूनमधला कुठलासा किस्सा रंगवून सांगत होतो. आधीच्या गिऱ्हाइकाची मान झिरो करायला मशीनचा कंगवा, म्हणजे केस किती ठेवायचे ते राखणारी टोपी, काढून ठेवला होता, तो परत लावायचा राहिला. तसंच मशीन कैलासच्या नाकाखाली टेकवलं.

एकच फटका. मिशीच्या बरोबर मधून बोटभर रुंद रस्ता निघाला.

मला किस्सा पुढे काय होता ते आजही आठवत नाही.

आता कुणी म्हणेल, त्यात काय, उरलेली काढून टाकायची, महिन्यात वाढते. पण आमच्याकडे बाप असेपर्यंत मुलगा मिशी उतरवत नाही. बाप गेला की डोकं आणि मिशी दोन्ही उतरवतात. बिनमिशीचा थोरला मुलगा दिसला की लोक नाव विचारत नाहीत, कधी झालं एवढंच विचारतात. हल्लीची पोरं हे मानत नाहीत, गुळगुळीत तोंडाने फिरतात आणि घरी बोलणी खातात. पण धर्माकाकांच्या घरात मानायचे. आणि इथे तर बाप आत्ताच मरणाच्या दारातून परत आलेला.

कैलास आरशात बघत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "सुऱ्या, तेरवा गणपती आणायचाय. मी असा पाट घेऊन गावात शिरलो तर आयाबाया रडायलाच लागतील. बाबांना ॲम्ब्युलन्समधून नेला तवाच दोघींनी गळा काढला व्हता."

"काय झाला रे?" मागून धर्माकाकांनी विचारलं. ते काठी टेकत उठले, पुढे आले आणि त्यांनी लेकाचं तोंड आरशात बघितलं. मग माझ्याकडे वळले.

"मी मेलो काय रे?"

"नाय काका, तो मशीनचा कंगवा..."

"मी हितं तुझ्या डोळ्यापुढं बसलोय ना? येवढा मरता मरता ऱ्हायलो, आनि तू माझा बारावा घालतोस?"

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. रांगेतल्या एकाने काळा कलर भरून बघ म्हणून सुचवलं. तेही केलं. ब्रश घेऊन त्या रस्त्यावर रंग भरला, तर ओठावर डांबर ओतल्यासारखं दिसायला लागलं. पुसलं. कैलासने खिशातला मास्क काढून लावला. "ह्यो लावून फिरतो."

"पाच दिवस?" धर्माकाका म्हणाले. "आरती मास्क लावून बोलशील? आनि मोदक कुठनं खाशील, कानातनं?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. त्या हसण्याने काकांचा चेहरा जरा बदलला. ते थोडा वेळ काठीवर हनुवटी टेकवून उभे राहिले. आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत होतो, कारण मिशी कैलासची असली तरी प्रश्न त्यांच्या जिवंत असण्याचा होता.

"माझी काढा," ते म्हणाले.

"बाबा!" कैलास ओरडला.

"गप. माझा बाप जाऊन चाळीस वर्सं झाली. मला मुभा हाय. तू एकलाच बिनमिशीचा गेलास तर लोक रडतील. दोघं गेलो तर हसतील. हसू दे की." मग त्यांनी काठी माझ्याकडे रोखली. "पन ह्याच्या हातात नाय देनार मी माझी मिशी. नाना, तू काढ."

दुकानातले सगळे नानांच्या हातांकडे बघू लागले. ते हात मांडीवर ठेवलेले होते, आणि तिथेही हलत होते.

नाना उठले. "दोन वर्सं हात चालवला नाय, धर्मा. आधी हात बसवून घेतो." त्यांनी गल्ल्याखालच्या खणातून आपला जुना वस्तरा काढला, त्यात नवं ब्लेड घातलं आणि माझ्याकडे बघितलं.

"बस."

कैलास उठला. मी माझ्याच खुर्चीत बसलो. रोज तिच्या भोवती फिरतो, पण तिथून दुकान कसं दिसतं ते मी विसरलो होतो. वरचा पंखा किती कळकट झालाय ते पहिल्यांदा दिसलं. नानांनी ब्रशने फेस केला. ब्रश थरथरला की फेस जास्तच चांगला होतो, असं मला वाटून गेलं. त्यांनी तो माझ्या ओठावर लावला, थोडा नाकात गेला.

"नाना, तू जिता हायेस ना?" धर्माकाका मागून म्हणाले. "आनि पोराची मिशी काढतोस?"

"जिता हाय म्हनून तर मी काढतोय. बापानंच काढल्यावर कोन काय बोलनार?"

त्यांनी उजवं मनगट डाव्या हाताने घट्ट धरलं. मग कातडी ताणायला हात उरला नाही. "तूच ताण," म्हणाले. मी दोन बोटांनी स्वतःचा ओठ ताणून धरला. वस्तरा आला. नाना एक शब्द बोलत नव्हते, हात मिशीवर होता ना! आरशात मला त्यांचा चेहरा दिसत होता. मडक्यावरून मला गालावर घेतलं त्या दिवशी ते खुर्चीत होते आणि मी उभा होतो. आणि ते किती निवांत बसले होते! मीही तसंच बसायचं ठरवलं. मला खूप भीती वाटत होती आणि खूप बरंही वाटत होतं.

उजवी बाजू सुखरूप उतरली. डावीकडे, नाकपुडीच्या जरा खाली, मनगट सुटलं. ब्लेड आत गेलं. फेसावर लाल रंग पसरला.

"लागला?"

"नाय."

नानांनी तुरटी दाबून धरली. बराच वेळ दाबून धरली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते तुरटीचं, असं मी सगळ्यांना सांगितलं.

त्यानंतर धर्माकाका बसले, आणि नानांनी त्यांची चाळीस वर्षांची मिशी एक ओरखडा न काढता उतरवली. खरंच हात बसला होता. फेस पुसल्यावर खाली एक लहानसा, गोरा, लाजल्यासारखा ओठ निघाला. काका आरशात बघून म्हणाले, "ह्यो कोन?" आणि दुकान जे हसायला लागलं ते थांबेना. मग काकांना हुरूप आला. "बापानं काढलेली चालते ना? मग माझ्या पोराची मी काढनार." त्यांनी माझ्या हातातून मशीन घेतलं, उलटं धरलं, मी सरळ करून दिलं, आणि त्यांनी शेत नांगरावं तशी कैलासची उरलेली मिशी साफ केली. कैलास डोळे मिटून बसला होता आणि खांदे उडवून हसत होता.

जाताना धर्माकाका रिक्षात पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी बसले. कैलासने नंतर सांगितलं, गावाच्या कमानीपासून घरापर्यंत ते अर्धे बाहेर वाकून दिसेल त्याला नावाने हाक मारत होते, कुणाला शंका राहायला नको म्हणून. पाचही दिवस त्यांच्याकडे आरतीला नेहमीपेक्षा जास्त माणसं आली. बिनमिशीचे धर्माकाका बघायलाच आली होती.

माझ्या घरी मात्र गडबड झाली. मंगल, माझी बायको, मुरबाड तालुक्यातल्या वैशाखऱ्याची, तिकडेही हीच रीत. तिने दारातून माझा ओठ बघितला आणि हातातलं ताट खाली टाकून पदर तोंडाला लावला. "नाना!" एवढंच तिच्या तोंडून निघालं.

"काय गो?" माझ्या मागून नाना म्हणाले.

तिने आधी त्यांना बघितलं, मग मला, आणि मग मला जे काही ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

जखम भरली. मिशी आली. फक्त डावीकडे जिथे ब्लेड आत गेलं होतं, तिथे केस आला नाही. सुतासारखी उभी रेघ राहिली. मी पडलो या धंद्यातला. आजूबाजूचे केस जरा लांब ठेवायचो, विंचरून वर घ्यायचो, कुणाला कळायचं नाही. नानांना तर कळू द्यायचंच नव्हतं.

दोन वर्षांनी माघात नाना गेले. झोपेतच गेले. नदीवर मी आजवर कितीतरी जणांची डोकी उतरवलीत, त्या दिवशी मी पाटावर बसलो होतो. मुरबाडहून माझा जुना सोबती दत्ता आला होता, वस्तरा त्याच्या हातात होता. डोकं झालं. तो मिशीवर आला आणि गप्प झाला, सगळे चांगले कारागीर होतात तसा. मिशी उतरली आणि तो थांबला. अंगठ्याने माझा ओठ पुसला. पुन्हा पुसला. "मी नाय कापला रे. ह्यो जुना हाय. कशाचा?"

त्या क्षणापर्यंत मी रडलो नव्हतो. नानांनी जिवंतपणी माझी मिशी काढली होती आणि खाली स्वतःची खूण ठेवून गेले होते. दत्ताने वस्तरा बाजूला ठेवला आणि माझ्याजवळ नुसता बसून राहिला.

आता मलाही मुभा आहे. उद्या गुळगुळीत तोंडाने बाजारातून फिरलो तर कुणी काही विचारणार नाही. म्हणूनच मी मिशी ठेवतो. आणि रेघ झाकत नाही. दोन्ही बाजूंचे केस बारीक ठेवतो, ती सरळ दिसते.

धर्माकाका अजून आहेत. मिशी पुन्हा पहिल्यासारखी. दर भाद्रपदात कैलास त्यांना घेऊन येतो, आणि मी कंगवा लावल्याचं आधी त्यांना दाखवतो. ते बोटाने चाचपून खात्री करतात, मगच कैलासला बसू देतात. आजही तसंच झालं. कैलासची मिशी करताना मी तोंड उघडलं नाही.

ते गेल्यावर कॉलेजातला एक मुलगा बसला. महिनाभर जपलेली दाढी, मोबाइलमध्ये चार फोटो. एकेक फोटो मला दाखवत होता, मधेच थांबला आणि आरशात माझ्याकडे बघायला लागला.

"दादा, फोटो राहू दे. तुमच्या मिशीत डावीकडं कट मारलाय ना, तसाच मारा. भारी डिझाइन हाय."

मी कोपऱ्यातल्या बाकाकडे बघितलं. मग टॉवेल त्याच्या गळ्याभोवती नीट बांधला आणि म्हणालो, "तेवढं एक डिझाइन मला जमत नाही रे. त्याला नाना लागतात."